आधी वाक्य, मग स्लाइड

गेल्या अंकात तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारबद्दल मी थोडं लिहिलं होतं आणि वाचकांना प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त ‘पीपीटी’चे निघाले. मला त्याचं नवल वाटलं नाही. स्थापत्य शाखेच्या डिप्लोमाला मी एकतीस वर्षं शिकवलं आणि त्यातली शेवटची अठरा वर्षं सेमिनार आणि प्रोजेक्टचं काम माझ्याकडे होतं. स्लाइड कशी करावी हे मुलांना कुणी शिकवत नाही आणि तरी पहिल्या दिवसापासून त्यावर गुण देतात, हे मला तेव्हाही सलायचं आणि आजही सलतं. पाच प्रश्न निवडले आहेत. सारखे होते ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. मुलांना दरवर्षी सांगतो, स्लाइडवर कमी लिहा, सहा ओळींच्या वर जाऊ नका, अक्षर मोठं ठेवा. मान डोलावतात आणि पुन्हा परिच्छेदच्या परिच्छेद चिकटवून आणतात. माझं कुठे चुकतं?

सर, तुमचे नियम वाईट नाहीत, पण ते फार उशिरा येतात. मुलगा पीपीटी उघडून बसतो तेव्हा आपल्याला काय सांगायचं आहे हे त्याचं त्यालाच ठरलेलं नसतं. मग सापडेल ते तो भरत जातो. काय गाळायचं हे कळायला आधी काय सांगायचं ते कळावं लागतं. अशा मुलाला सहा ओळींचा नियम दिला की तो तोच परिच्छेद सहा तुकड्यांत तोडून आणतो. (या सहा-सात ओळींच्या नियमाला आधार म्हणून जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा ‘सात, दोन कमी-जास्त’ हा निबंध सांगितला जातो. तो एका वेळी मनात किती गोष्टी धरता येतात याबद्दल आहे. पडद्यावर समोर दिसत असलेल्या ओळी मोजायला तो लावण्यात अर्थ नाही.)

एक प्रसंग सांगते. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा प्रोजेक्ट होता, काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जागी काही प्रमाणात फ्लाय ॲश, म्हणजे कोळसा जळून उरणारी बारीक राख, घालायची. एम-२० चं मिश्रण. राख शून्य, दहा, वीस आणि तीस टक्के. ताकद मोजायला प्रत्येकी तीन ठोकळे सात दिवसांनी फोडले, तीन अठ्ठावीस दिवसांनी. म्हणजे एकूण चोवीस ठोकळे, सगळे दीडशे मिलिमीटरचे. त्या मुलीने स्वतः मिक्सरजवळ उभं राहून भरलेले, पाण्याच्या टाकीतून काढलेले, मशिनवर लावलेले. काम अगदी चोख होतं. आणि स्लाइडवर काय होतं? वर ‘रिझल्ट’ असं शीर्षक, खाली चोवीस ओळींचा तक्ता, प्रत्येक ओळीत किलोन्यूटनमधला भार आणि दोन दशांश स्थळांपर्यंत ताकद. अक्षर बारा पॉइंटचं. ती पडद्याकडे तोंड करून म्हणाली, “या तक्त्यावरून आपल्याला दिसून येते की…” पहिल्या बाकावरून मलाच काही दिसत नव्हतं.

मी लॅपटॉप मिटला. तिचे वडील गवंडीकाम करायचे, हे मला माहीत होतं. म्हटलं, “आज घरी गेल्यावर बाबांनी विचारलं, एवढे ठोकळे फोडलेस, त्यातून काय निघालं, तर काय सांगशील?”

ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, “पाच किलो सिमेंटातलं एक किलो काढून राख घातली तर चालेल. त्याच्या वर जाऊ नका, स्लॅबला तर नकोच.”

मी म्हटलं, “हेच लिही वर.”

पहिल्यांदा तिला ते खरं वाटेना. एवढं साधं शीर्षक कसं चालेल, एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक, काय म्हणतील? मग आम्ही दोघींनी ते नीट केलं : ‘आमच्या मिश्रणात २० टक्क्यांपर्यंत राख चालली, ३० टक्क्यांना ताकद २० च्या खाली गेली.’ खाली चार स्तंभ, अठ्ठावीस दिवसांच्या सरासरीचे : २७.४, २६.९, २४.६ आणि १८.७. वीसच्या पातळीवर एक आडवी रेघ, कारण एम-२० म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी चौरस मिलिमीटरला वीस न्यूटन. पहिले तीन स्तंभ राखाडी, चौथा गडद लाल. रेघेच्या खाली राहिलेला स्तंभ कुणाला दाखवून द्यावा लागला नाही. चोवीस ओळींचा तक्ता रिपोर्टात गेला. त्याची जागा तिथेच आहे, कारण ज्याला आकडे पडताळायचे आहेत तो ते बसून, वेळ घेऊन पडताळतो. त्या तासाची पन्नास मिनिटं होती. चाळीस मिनिटं वाक्यावर गेली आणि दहा मिनिटांत स्लाइड झाली.

त्या वर्षापासून मी क्रम बदलला. पहिले दोन तास कॉम्प्युटरच नाही. मुलांना पाठकोरे कागद अर्धे फाडून वाटायचे. एका कागदावर एक पूर्ण वाक्य, क्रियापदासकट. ‘प्रस्तावना’, ‘उद्दिष्टे’, ‘कार्यपद्धती’, ‘निष्कर्ष’ असे कागद परत जायचे, कारण त्यात काही सांगितलेलंच नसतं. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, त्याचा इथे मोठा उपयोग होतो. क्रियापद आलं नाही तर वाक्य लोंबकळत राहतं आणि ते मुलाच्याच कानाला खटकतं. मग सगळे कागद बाकावर ओळीने मांडायचे आणि दुसऱ्या गटातल्या कुणीतरी ते मोठ्याने वाचायचे. विषय न शिकलेल्या मुलालाही गोष्ट कळली तर उघडा कॉम्प्युटर. नाही कळली तर कागद हलवा, दोनाचा एक करा, एखादा फाडून टाका. पंचवीस स्लाइड घेऊन आलेला गट नऊ-दहा कागदांवर यायचा, आणि ते सगळं माझ्या एका शब्दाशिवाय.

ही रीत माझी एकटीची नाही. पेन स्टेट विद्यापीठातल्या मायकेल ॲली यांनी ती अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी फार नीट मांडली आहे : शीर्षकाच्या जागी पूर्ण विधान आणि त्याखाली त्याचा पुरावा, जमेल तितका चित्रातून. मला ती नंतर वाचायला मिळाली आणि धीर आला.

मुलांना हे पटवायला मी दरवर्षी एक स्लाइड दाखवायचे. १६ जानेवारी २००३ ला नासाचं कोलंबिया हे अवकाशयान उडालं. सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना इजा किती झाली असेल याचा हिशेब खाली इंजिनिअर मांडत होते. त्यांच्या एका स्लाइडच्या शीर्षकाचा आशय असा होता की चाचण्यांच्या नोंदी पाहता यानाला उष्णतेपासून वाचवणाऱ्या टाइल भेदल्या जाण्याचा अंदाज धोका जास्त धरूनच केलेला आहे. वाचणाऱ्याला हायसं वाटावं असं ते शीर्षक. त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, उपमुद्द्याच्याही पोटात असं होतं की चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा आणि हा १९२० घनइंचांचा. सहाशे चाळीस पट! १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहवाल दिला, त्यात ही स्लाइड, माहिती नजरेला कशी मांडावी याचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेल्या विश्लेषणासह छापली आणि तांत्रिक लेखांऐवजी पॉवरपॉइंटवर भागवण्याच्या सवयीवर बोट ठेवलं. त्या स्लाइडमुळे यान पडलं असं मी मुलांना कधीही सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. मी एवढंच विचारायचे की या स्लाइडचं शीर्षक काय हवं होतं. मुलं आधी हळू आवाजात एकमेकांशी बोलायची. मग कुणीतरी फळ्यावर येऊन लिहायचं : ‘आदळलेला तुकडा आपण तपासलेल्या तुकड्याच्या सहाशे चाळीस पट आहे, आपल्या चाचण्या याला लागू नाहीत.’ त्यानंतर ‘रिझल्ट’ असं शीर्षक घेऊन यायला त्यांनाच नको वाटायचं.

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्लाइडवर लिहिलेलं नसलं की मी विसरते. एक्स्टर्नलसमोर हातपाय गार पडतात. स्लाइडवरचं वाचून दाखवलं तर काय बिघडतं?

तुझी भीती खरी आहे आणि ती तुझ्या एकटीची नाही. पण जरा समोर बसलेल्या माणसाच्या बाजूने बघ. पडद्यावर वाक्य आलं की तो ते मनात वाचून टाकतो. तू ते मोठ्याने वाचत असतेस तेव्हा तो तुझ्या पुढे गेलेला असतो, आणि तुझा आवाज त्याच्या वाचण्याच्या आड येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी यावर पुष्कळ प्रयोग केले आहेत. चित्र आणि त्यासोबत बोलणं एवढंच असेल तेव्हा शिकणाऱ्याला जास्त कळतं. तेच बोलणं पुन्हा अक्षरांत पडद्यावर टाकलं की कमी कळतं. पाहिजे तर मैत्रिणींवर करून बघ. एक स्लाइड वाचून दाखव, एक फक्त आकृती ठेवून समजावून सांग, आणि दुसऱ्या दिवशी विचार काय आठवतं.

मला स्वतःला हे प्रयोग वाचण्याआधी पिंगुळीत कळलं. सिंधुदुर्गात कुडाळजवळचं हे गाव ठाकर समाजाच्या चित्रकथीसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या कथेची हाताने रंगवलेली चित्रं सुटी असतात. एका कथेच्या अशा संचाला पोथी म्हणतात. सांगणारा एक चित्र उभं धरतो, गातो, बोलतो, सोबत टाळ आणि हुडुक नावाचं छोटं चर्मवाद्य. मग ते चित्र बाजूला ठेवून पुढचं उचलतो. चित्रावर लिहिलेलं काही नसतं. आम्ही वीस-पंचवीस जण सतरंजीवर बसलो होतो, आणि माझं लक्ष सारखं त्या माणसाच्या बोटाकडे जात होतं. युद्धाचा प्रसंग सांगताना त्याचं बोट चित्रातल्या रथावर जायचं, तिथून धनुष्यावर, आणि आमचे डोळे त्याच्या मागे मागे. तो चित्राकडे पाठ करून आमच्याकडे बघत होता, पण बोट बरोबर जागेवर पडत होतं. शाळेतला नकाशा आठव, शिक्षक छडी कुठे टेकवतात तिथेच आपण बघतो. तुझ्या स्लाइडवरच्या आकृतीचंही तेच. ती दाखव, तिच्याकडे हात कर, आणि तिच्याबद्दल तुझ्या शब्दांत बोल.

आता विसरण्याबद्दल. हातात कागद धरायला लाजू नकोस. पोस्टकार्डाएवढा कागद घे, त्यावर प्रत्येक स्लाइडसाठी एक-दोन शब्द, मोठ्या अक्षरात. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडच्या खाली नोट्सची जागा असते. प्रेझेंटर व्ह्यू लावला की त्या नोट्स फक्त तुझ्या स्क्रीनवर दिसतात, पडद्यावर जात नाहीत. पण ऐन वेळी प्रोजेक्टरला केबल लावल्यावर तो व्ह्यू चालेलच याची खात्री नसते, म्हणून कागद जवळ असूच दे. पहिली दोन वाक्यं मात्र तोंडपाठ कर. हातपाय गार पडतात ते पहिल्या अर्ध्या मिनिटात, आणि तेवढं निभावलं की पुढचं आपोआप येतं. घरी उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून तीनदा बोल. मनात वाचलेली तालीम धरायची नाही. दहा मिनिटांचं भाषण पहिल्यांदा चौदा मिनिटांवर जाईल, घाबरू नकोस, तिसऱ्यांदा ते दहावर येतं.

आणखी एक. एक्स्टर्नलने मध्येच प्रश्न विचारला आणि तुला विचार करायला वेळ हवा असेल तर स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं ‘बी’ दाब. पडदा काळा होतो, सगळे तुझ्याकडे बघतात, तू शांतपणे उत्तर दे, मग पुन्हा ‘बी’. मागची एखादी स्लाइड हवी असेल तर तिचा क्रमांक टाइप करून एंटर दाब. दहा वेळा मागे मागे जायची धांदल वाचते.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमची मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी मराठीत स्लाइड करतात. शाळेच्या कॉम्प्युटरवर छान दिसतात, पण तालुक्याला गेलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं नाहीतर चौकोन. मुलं रडकुंडीला येतात.

बाई, तुमच्या मुलांची पाठ थोपटा, आधी मराठीत करतात म्हणून. हा त्रास मी फार जवळून पाहिला आहे. माझा एक विद्यार्थी पाणलोट क्षेत्रावरचं सादरीकरण घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका स्पर्धेला गेला होता. तिथल्या कॉम्प्युटरवर त्याच्या स्लाइड उघडल्या तेव्हा ‘पाणलोट’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची रांग दिसली. आयोजकांनी पाच मिनिटंही दिली नाहीत. तो मुलगा खडू घेऊन फळ्यावर बोलला, चांगला बोलला, पण परत येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. इतक्या वर्षांत ते मी विसरले नाही.

इंग्रजी अक्षरं दिसतात याचा अर्थ मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी मजकूर इंग्रजीच असतो, फक्त त्याला मराठी अक्षरांचं रूप चढवलेलं असतं. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ते रूप उतरतं. म्हणून मुलांना पहिल्यापासून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत टाइप करायला शिकवा, मग कीबोर्डची मांडणी इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक. युनिकोडचा मजकूर कुठेही गेला तरी मराठीच राहतो. फार तर फॉन्ट बदलेल आणि ओळी इकडच्या तिकडे होतील. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट मिळतात. मुक्त आणि बालू तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेले आहेत. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे गेलं की फाइलमध्येच फॉन्ट बसवून पाठवायची सोय सापडते. ती वापरा. आणि काहीही झालं तरी पेनड्राइव्हवर त्याच स्लाइडची पीडीएफ ठेवा. पीडीएफमध्ये अक्षर जसंच्या तसं राहतं. चौकोन दिसत असतील तर तिथे देवनागरीचा फॉन्टच सापडत नाही असं समजा, आणि अशा वेळी पीडीएफच उपयोगी पडते.

दिसण्याबद्दलही सांगते, कारण स्लाइडबद्दलचे बहुतेक सल्ले रोमन लिपी समोर धरून दिलेले असतात. आपल्या अक्षराला वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. हे सगळं तेवढ्याच उंचीत बसवायचं म्हणजे अक्षराचा मधला भाग लहान होतो. म्हणून इंग्रजीला चोवीस पॉइंट सांगतात तिथे मराठीला अठ्ठावीस तरी घ्या, आणि दोन ओळींमधलं अंतर सव्वापट करा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मुलांना ‘राष्ट्र’, ‘उद्दिष्ट’, ‘शुद्ध’, ‘वाङ्मय’ हे शब्द एका स्लाइडवर टाकून वर्गाच्या शेवटच्या भिंतीपाशी उभं करा. द्ध आणि द्द वेगळे ओळखू आले तर अक्षर पुरेसं मोठं आहे. बोल्ड शीर्षकापुरतं ठेवा, मजकुरात सगळीकडे केलं की जोडाक्षरांच्या पोटातल्या जागा भरून जातात. तिरकं अक्षर आपल्या लिपीच्या वळणातलं नाही, ते टाळाच. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायचं बटण मुलांच्या हाती लागू देऊ नका, शिरोरेघ तुटते आणि शब्दाची अक्षरं सुटी सुटी होतात.

प्रदर्शनाच्या खोलीला बहुधा पडदे नसतात. उजेडात प्रोजेक्टरचं चित्र फिकं पडतं, त्यामुळे पांढऱ्यावर काळं अक्षर सगळ्यांत सुरक्षित. पांढऱ्यावर पिवळं दिसतच नाही. लाल-हिरव्याने फरक दाखवू नका, काहींना ते दोन रंग सारखेच दिसतात, आणि बऱ्याचदा त्या मुलाने ते कधी कुणाला सांगितलेलं नसतं. जुना प्रोजेक्टर असेल तर त्याचं चित्र चारास तीन मापाचं असतं आणि आजची स्लाइड सोळास नऊची, म्हणजे वरखाली काळे पट्टे येऊन अक्षर आणखी लहान होतं. आधी फोन करून विचारून घ्या.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. शाळेने ‘जलप्रदूषण’ या विषयावर पंधरा स्लाइडची पीपीटी आणायला सांगितली आहे, ॲनिमेशनसहित. रात्री अकरापर्यंत ती मीच करत बसते. काय करू?

ताई, तुम्ही करू नका. पंधरा ऐवजी चार स्लाइड गेल्या तरी चालतील, पण त्या तिच्या हातच्या जाऊ देत. रविवारी तिला जवळच्या नाल्यावर किंवा ओढ्यावर घेऊन जा. फोनवर तिलाच तीन फोटो काढू द्या : पाणी कुठून येतं, त्यात काय मिसळतं, पुढे कुठे जातं. प्रत्येक फोटोच्या वर तिने तिथे उभं राहून सांगितलेलं एक वाक्य. चौथ्या स्लाइडवर तिने हाताने काढलेला त्या ओढ्याचा नकाशा, फोटो काढून. अक्षरं गरगर फिरत येणं, टाळ्यांचा आवाज, हे सगळं सोडून द्या. वर्गशिक्षकांना वहीत दोन ओळी लिहून कळवा की हे तिने स्वतः पाहून केलं आहे. मला वाटतं बहुतेक शिक्षकांना ते आवडेल. आकडा वरून आलेला असतो आणि तोही त्यांनी ठरवलेला नसतो.

प्रश्न : आता मुलं एआयला सांगून पाच मिनिटांत अख्खी पीपीटी काढून आणतात. दिसायला आपल्यापेक्षा सुंदर. यांना गुण कशाचे द्यायचे? (हा प्रश्न चार शिक्षकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे.)

दिसण्याचे गुण काढून टाका. माझ्या वेळी एआय नव्हतं, पण सीनियरची पीपीटी नाव बदलून आणणं होतंच, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोरही आलाच होता.

जुन्या शिक्षकांना ओएचपी, म्हणजे पारदर्शक कागदावरचं पडद्यावर मोठं करून दाखवणारा प्रोजेक्टर, आठवत असेल. ट्रान्सपरन्सीच्या एकेका कागदाला पैसे पडायचे, चूक झाली तर स्पिरिटने पुसायचं. तो खर्च होता म्हणून एका तासाला चार-पाच कागद पुरायचे आणि प्रत्येकावर काय घ्यायचं हे आदल्या रात्री ठरायचं. पॉवरपॉइंट १९८७ साली रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी आणलं तेही आधी अशा ट्रान्सपरन्सीच तयार करण्यासाठी. आता विसावी स्लाइड फुकट आहे, आणि एआयमुळे पन्नासावीही. त्यामुळे निवड करायला लावणारा खर्च आता शिक्षकानेच कुठेतरी घालायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी पंचवीस गुणांची वाटणी अशी करत असे. दहा गुण त्या पाठकोऱ्या कागदांना, म्हणजे वाक्यांना आणि त्यांच्या क्रमाला, आणि ते सादरीकरणाच्या आठ दिवस आधी. पाच गुण प्रोजेक्टर बंद करून. मुलाने एक स्लाइड निवडायची आणि तिच्यातली आकृती फळ्यावर हाताने काढत समजावून सांगायची. स्तंभ बरोबर उंचीचे नसले तरी चालेल, पण कुठला उंच आणि का, हे सांगता आलं पाहिजे. ज्याने ती दुसऱ्याकडून आणलेली असते तो इथे खडू हातात घेऊन उभा राहतो. त्याला ओरडायची गरज पडत नाही. पुढच्या आठवड्याची वेळ द्यायची आणि हे पाचातले गुण तेव्हा द्यायचे.

उरलेले दहा मी देत नसे, वर्ग देत असे. सादरीकरण संपलं की श्रोत्यांतल्या कुठल्याही पाच मुलांना कागद द्यायचे. ‘याने काय सांगितलं ते एका वाक्यात लिहा.’ बोलणाऱ्याने स्वतःचं वाक्य आधीच लिहून माझ्याकडे दिलेलं असायचं. मग सहाही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे. जुळणाऱ्या प्रत्येक कागदाला दोन गुण. शब्द तेच असायची गरज नाही, अर्थ तोच हवा. पहिल्या वर्षी बऱ्याच गटांचा एकही कागद जुळला नाही. एकाने बंधाऱ्यांच्या गाळावर बोलून झाल्यावर पाचांपैकी तिघांनी लिहिलं होतं की बंधारे बांधणं फायद्याचं असतं. तो मुलगा म्हणणार होता की गाळ काढला नाही तर बंधारा काही वर्षांत कामातून जातो. त्याने ते तीन कागद हातात घेतले, परत परत वाचले आणि म्हणाला, “मॅडम, मी हे बोललोच नव्हतो.” मग त्याची स्लाइड पुन्हा लावून आम्ही बघितलं, तर पहिल्या चार स्लाइडवर बंधाऱ्यांचे फायदेच होते, गाळ सातव्या स्लाइडवर आला होता. त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, सातवी ओढून पहिल्या जागी नेली.

हे कागद त्याच दिवशी मुलाला परत द्या. आठवड्याने दिले तर तो गुण बघतो आणि कागद दप्तरात टाकतो.